मेंदूविकारांची रुग्णसेवा आणि परिचारिकांचे पदव्युत्तर प्रशिक्षण : कॉटन ग्रीन परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

कुलाब्याचा कापूस बाजार स्थलांतरित होऊन ज्या भागात आला, तो कॉटन ग्रीनचा परिसर हार्बर मार्गावरील रे रोड व शिवडी या स्थानकांच्या दरम्यान आहे. शेजारी शिवडीचे महापालिकेचे क्षयरोग रुग्णालय, तर काही अंतरावर परळ येथे १९२६ मध्ये सुरू झालेले केईएम रुग्णालय आहे. १९८२ च्या संपापर्यंत काळाचौकी-लालबागच्या गिरण्यांत राबलेली पिढी आज वार्धक्यात आहे. या वयात पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि उच्च रक्तदाब व मधुमेह असल्यास तो अधिकच बळावतो. अशा रुग्णाजवळ सर्वाधिक वेळ असणाऱ्या परिचारिकेस मेंदूविकारांचे विशेष शिक्षण कसे मिळावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

समस्येचे स्वरूप

मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाल्यास उपचाराविना दर मिनिटास सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडण्यात आला. गुठळी विरघळविणारे औषध सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तथापि, मेंदूतील रक्तस्रावातही बाह्य लक्षणे तशीच दिसतात, म्हणून आधी सीटी स्कॅन अनिवार्य ठरतो. लक्षणे नेमकी केव्हा सुरू झाली, रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेतो काय, रक्तातील साखर किती आहे, ही माहिती पहिल्या काही मिनिटांत कोणी घेतली यावर पुढील उपचार अवलंबून असतो.

क्षयरोगजन्य मेंदूज्वराची गती निराळी असते. ताप व डोकेदुखीने त्रासलेला रुग्ण काही दिवसांत सुस्त होतो. ही सुस्ती अशक्तपणाची की मेंदूत पाणी साठल्याची, हे ओळखण्यासाठी १९७४ मध्ये ग्लासगो येथे तयार झालेली ३ ते १५ गुणांची शुद्धिमापन श्रेणी उपयोगी पडते. मात्र एकदाच घेतलेल्या नोंदीचा उपयोग मर्यादित असतो. काल १५ आणि आज १३, हा फरक ज्याच्या ध्यानात येतो तोच डॉक्टरांना वेळेवर बोलावू शकतो.

परदेशातील अनुभव

अमेरिकेत १९६५ मध्ये दोन नव्या व्यवसायांचा उगम झाला. कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड व हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचा, तर ड्यूक विद्यापीठात यूजीन स्टेड यांनी फिजिशियन असिस्टंटचा अभ्यासक्रम सुरू केला. तेथे आता काही संस्था या पदवीधरांना न्यूरॉलॉजीचे, बहुधा एक वर्षाचे, पदव्युत्तर प्रशिक्षण देतात. पक्षाघात, अपस्मार, अतिदक्षता व बाह्यरुग्ण अशा विभागांत ते क्रमाने काम करतात आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली तपासणी व निर्णय शिकतात.

परिचारिकांच्या शिस्तबद्ध कामाचा परिणाम मोजता येतो, हे ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यातील १९ पक्षाघात कक्षांच्या अभ्यासाने दाखविले. ताप, साखर व गिळण्याची क्षमता या तीनच बाबींकडे तेथील परिचारिकांनी ठरलेल्या पद्धतीने लक्ष दिले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ९० दिवसांनी मृत वा परावलंबी असलेल्या रुग्णांचे प्रमाण या कक्षांत ४२ टक्के, तर तुलनेच्या कक्षांत ५८ टक्के होते. या कामाला महागडे यंत्र लागले नाही.

भारतातील स्थिती

आपल्याकडे एमबीबीएस व एम.डी. नंतर न्यूरॉलॉजीच्या डी.एम. पदवीस आणखी तीन वर्षे लागतात. साहजिकच तज्ज्ञांची संख्या गरजेच्या मानाने तोकडी आहे. परिचारिकांसाठी न्यूरो नर्सिंगची एक वर्षाची पदविका आणि एम.एस्सी. नर्सिंगमध्ये चेताविज्ञानाची उपशाखा उपलब्ध आहे. गेल्या दशकात भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षतेसाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रमही आखला. फिजिशियन असिस्टंटचे शिक्षण १९९२ मध्ये चेन्नईत सुरू झाले, आणि २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिक कायद्याने या व्यवसायाची दखल घेतली.

चर्चा

याचा अर्थ अभ्यासक्रमांचा पूर्ण अभाव आहे, असे नाही. अडचण पदवीनंतर येते. परिचारिकेस औषध लिहून देण्याचा सर्वसाधारण अधिकार नाही, त्यामुळे लक्षण अचूक ओळखूनही तिचे हात बांधलेले राहतात. तिची बदली अन्य विभागात झाली, तर तिचे विशेष ज्ञान त्या कक्षाला अंतरते. दुसरीकडे, अपुऱ्या प्रशिक्षणावर अधिकार देणे रुग्णास धोक्याचे ठरेल आणि डॉक्टरांच्या रिक्त जागा स्वस्तात भरण्याची ती पळवाट बनेल, हा आक्षेपही रास्त आहे.

यातून मध्यम मार्ग काढता येतो. पक्षाघाताचा इशारा देणे, सीटी स्कॅनची तयारी सुरू करणे, गिळण्याची चाचणी होईपर्यंत तोंडाने अन्नपाणी रोखणे, शुद्धीचा आलेख ठेवणे आणि ठरावीक घसरण दिसताच तज्ज्ञास थेट पाचारण करणे, एवढे अधिकार लेखी नियमावलीने देता येतील. निदान व गुठळी विरघळविण्याचा निर्णय डॉक्टरांकडेच राहील. प्रशिक्षणानंतर त्याच कक्षात किमान काही वर्षे नेमणूक आणि स्वतंत्र वेतनश्रेणी, ही याची आवश्यक पूर्वअट होय.

समारोप

कॉटन ग्रीनच्या एखाद्या चाळीतून रात्री दोन वाजता आलेल्या रुग्णाचा हात लुळा पडलेला असतो आणि जीभ जड झालेली असते. त्याला प्रथम जी व्यक्ती भेटते, तिला काय पाहावे हे ठाऊक असावे आणि पाहिल्यावर काही करण्याची मुभाही असावी. शिक्षण, अधिकार व पद यांपैकी एकही दुवा निसटला, तर उरलेले दोन निष्फळ ठरतात. म्हणून नवा अभ्यासक्रम आखताना या तिन्हींचा एकत्रित विचार होणे अगत्याचे आहे.