सात चाली, अकरा विजेतेपदे

डावपेच भारी असले की संघ जिंकतो, असा आपला समज असतो. अमेरिकेतील बोस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाने तो खोटा ठरविला. १९५७ ते १९६९ या तेरा हंगामांत या संघाने अकरा विजेतेपदे मिळविली. मात्र प्रशिक्षक रेड ऑरबॅक यांच्या मूळ चाली अवघ्या सात! प्रतिस्पर्ध्यांना त्या ठाऊक असत, तरीही अडविता येत नसत. कारण प्रत्येक खेळाडू आपले काम नेमक्या क्षणी आणि पूर्ण ताकदीने करी.

संघाचा आधारस्तंभ म्हणजे कृष्णवर्णीय खेळाडू बिल रसेल. विरोधकाने फेकलेला चेंडू ते हवेतच अडवीत. पण टाळ्यांसाठी तो प्रेक्षकांत भिरकावीत नसत, सहकाऱ्याच्या हाती जाईल असा टोलवीत. तोवर बाकीचे पुढे धावत सुटलेले असत. त्यांतला एक जरी आळसावला किंवा बेसावध राहिला, तर चाल फुकट जाई. म्हणून हंगामापूर्वी ऑरबॅक खेळाडूंना दमछाक होईतो पळवीत. त्या वर्षांत लीगमध्ये सर्वाधिक गुणांचा मान या संघाच्या एकाही खेळाडूला मिळाला नाही. मान संघाला मिळाला.

ही शिस्त म्हणजे लाचारी नव्हती. १९६१ साली केंटकी राज्यातील लेक्झिंग्टन येथे कृष्णवर्णीय खेळाडूंना हॉटेलात खाणे नाकारण्यात आले, तेव्हा रसेल आणि त्यांचे कृष्णवर्णीय सहकारी सामना न खेळताच परतले. पुढे १९६६ मध्ये रसेल हेच एन.बी.ए. लीगमधील पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक झाले.

१९६९ साली रसेल पस्तीस वर्षांचे होते. संघही थकलेला, आपल्या विभागात चौथा आलेला. अंतिम लढत लॉस एंजेलिस लेकर्सशी होती. लेकर्सने विजयोत्सवासाठी सभागृहाच्या छताला आधीच फुगे बांधून ठेवले होते. सेल्टिक्सने शेवटचा सामना १०८-१०६ असा जिंकला. फुगे छतालाच राहिले!

बौद्ध बांधवांना यात नवे काय? तथागतांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम आणि सम्यक स्मृती, म्हणजे योग्य प्रयत्न आणि जागरूकता, शेजारी शेजारीच सांगितल्या आहेत. चित्त जागेवर नसेल तर कष्ट वाया जातात; कष्ट नसतील तर चांगले विचार मनातच राहतात.

आपल्या मंडळांत योजनांची उणीव कधीच नव्हती. अभ्यासिका, वाचनालय, बचत गट यांचे ठराव टाळ्यांच्या गजरात संमत होतात. पण अभ्यासिकेची किल्ली ज्याच्याकडे आहे तो सायंकाळी सातला आला नाही, तर दहावीची मुले बंद दारावरून परत जातात. दोन दिवस वाट पाहतात, तिसऱ्या दिवशी येतच नाहीत. वर्ष त्यांचे बुडते, ठराव मात्र वहीत शाबूत राहतो!

बंधू-भगिनींनो, बाबासाहेबांनी संघटित होण्यास सांगितले ते केवळ सभेला गर्दी करण्यासाठी नव्हे. या महिन्यात नवा ठराव नको. ठरलेली दोनच कामे घ्या, कोणते काम कोणाचे ते नावानिशी ठरवा आणि रोज वेळेवर पार पाडा. किल्ली ज्याच्याकडे असेल, त्याने सातला दार उघडावे. जयभीम!