श्वासमान–वाखमान धूमकेतू–१
श्वासमान–वाखमान धूमकेतू–१ : वारंवार उद्रेक पावणारा धूमकेतू. आर्नोल्ड श्वासमान व आर्नो वाखमान या जर्मन ज्योतिर्विदांनी बेर्गेडोर्फ (हँबर्ग) येथील वेधशाळेत तो १९२७ मध्ये शोधला. त्याची कक्षा गुरूच्या कक्षेपलीकडे व जवळजवळ वर्तुळाकार आहे. त्यामुळे सूर्यापासूनचे त्याचे अंतर फारसे बदलत नाही. तरीही वर्षातून अनेकदा त्याची दीप्ती एकाएकी १ ते ५ प्रतींनी (५ प्रती म्हणजे शंभरपट) वाढते. तेथील थंडीत पाण्याच्या बर्फाचे संप्लवन (घनाचे थेट वायूत रूपांतर) अत्यल्प होते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेधांत मौना केआ (हवाई) येथील १५ मी. व्यासाच्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल दूरदर्शकाला त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड आढळला. गाभ्यातील धूळ हाच वायू उधळत असावा. उद्रेक एकाएकी का होतात, याबद्दल मात्र एकमत नाही.