दुसऱ्याने लिहिलेले पेनिसिलिन आणि आपले कर्तव्य

आपल्याकडे येणारा रुग्ण आता क्वचितच कोऱ्या पाटीने येतो. आपल्या चूर्ण-काढ्याची पुडी हाती घेण्यापूर्वीच त्याच्या पिशवीत दुसऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कॅप्सूल असतात. बहुधा तो ते आपणहून सांगत नाही. दोन दिवस गेले, पोटात आग पडू लागली किंवा तोंड आले, की मात्र तो आपल्यालाच विचारतो, "वैद्यराज, हे औषध फार उष्ण पडतंय. बंद करू का?" या प्रश्नाला आपण दिलेले उत्तर हीसुद्धा एक चिकित्साच असते, आणि तिची जबाबदारीही चिकित्सेइतकीच असते, एवढे आम्हास या लेखात मांडावयाचे आहे.

पेनिसिलिन कोणी लिहावे, या वादात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या मुख्तियार चंद प्रकरणातील १९९८ च्या निकालाने तो प्रश्न त्या त्या राज्याच्या कायद्याशी बांधला आहे. अधिकारी डॉक्टरांनी विचारपूर्वक लिहिलेले पेनिसिलिन रुग्णाने सुरक्षितपणे कसे घ्यावे आणि त्यात वैद्य व औषधविक्रेता यांचा वाटा कोणता, एवढ्यापुरताच हा विचार आहे.

एका कुळाची ओळख

१९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीच्या स्रावातील जंतुनाशक गुण आढळला. फ्लोरी आणि चेन यांनी ऑक्सफर्ड येथे त्याचे औषध सिद्ध केले आणि १९४५ मध्ये या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या महाराष्ट्रात पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, तो प्रामुख्याने पेनिसिलिनसाठीच.

आज या कुळात पेनिसिलिन-व्ही, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लॉक्सासिलिन, पिपेरासिलिन आणि दीर्घकाळ टिकणारे बेंझाथीन पेनिसिलिन अशी अनेक भावंडे आहेत. बहुतेकांच्या नावाअखेर 'सिलिन' असते. पण को-अमॉक्सिक्लॅव या जोडऔषधाच्या नावात ते दिसत नाही आणि व्यापारी नावांत तर कुळाचा मागमूसही नसतो. 'मला पेनिसिलिन चालत नाही' असे सांगणाऱ्या रुग्णाच्या हाती हेच औषध वेगळ्या नावाने पडते, ते या कारणाने. पाकिटावरील मोठ्या अक्षरांतील नावाखाली बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव वाचणे, ही आपली पहिली सवय असली पाहिजे.

हे औषध जंतूंची भित्तिका रचू देत नाही. विषाणूंना अशी भित्तिका नसल्याने साध्या सर्दी-पडशात किंवा बहुतांश घसादुखीत त्याचा उपयोग नाही. तेथे रुग्णाला संयम शिकवणे आणि आपल्या शास्त्राने त्याला उपशम देणे, हे आपले रास्त क्षेत्र आहे.

पहिला प्रश्न: पूर्वी त्रास झाला होता का?

पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचे सांगणारे लोक पुष्कळ भेटतात. तज्ज्ञांनी तपासणी केली असता अशा दहांपैकी सुमारे नऊ जणांना ते चालते, असे आढळते. लहानपणी झालेली मळमळ, विषाणुजन्य तापात उठलेले पुरळ किंवा वडिलांना झालेला त्रास यांतून हे लेबल चिकटलेले असते. तथापि उरलेला एक कोणता, हे नाडी पाहून कळत नाही. म्हणून रुग्णाचे म्हणणे कधीही उडवून लावू नये आणि घरच्या घरी 'थोडे घेऊन पाहू' असा प्रयोगही करू देऊ नये. कोणते औषध घेतले होते, कितव्या मात्रेनंतर त्रास झाला, किती वेळाने, अंगावर काय उठले, श्वास अडला होता का, हे विचारून कागदावर लिहावे आणि तो कागद औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवावा. निर्णय त्यांचा.

खरी तीव्र प्रतिक्रिया बहुधा पहिल्या तासाभरात येते. इंजेक्शननंतर तर काही मिनिटांतच. अंगावर गांधी, ओठ-जीभ-डोळ्यांभोवती सूज, घशात आवळल्यासारखे वाटणे, श्वासात शिटी, उलट्या, चक्कर, रक्तदाब खालावणे ही तिची लक्षणे. येथे ॲड्रेनालिन हेच प्राणरक्षक औषध होय. प्रौढास ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूत, प्रशिक्षित व अधिकारी व्यक्तीने द्यावयाचे असते. गरज पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. ॲलर्जीची साधी गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. रुग्णास आडवे निजवावे, पाय उंच ठेवावेत, एकदम उभे करू नये. धाप फार असल्यास टेकून बसवावे आणि १०८ क्रमांकास तत्काळ फोन करावा. अशा वेळी शीतपित्ताचा कल्प शोधण्यात गेलेली पाच मिनिटे परत मिळत नाहीत.

सेवनकाल

सुश्रुताने औषधसेवनाचे दहा काल सांगितले, त्या परंपरेतील वैद्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही की, एकच द्रव्य अन्नापूर्वी व अन्नाबरोबर सारखे काम करीत नाही. अँपिसिलिन, क्लॉक्सासिलिन व पेनिसिलिन-व्ही रिकाम्या पोटी, म्हणजे जेवणापूर्वी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यावे. अमॉक्सिसिलिनला अन्नाची अडचण नाही. को-अमॉक्सिक्लॅव मात्र जेवणाच्या आरंभी घेतल्यास पोटाला कमी त्रास होतो. पोटात जळजळ होते म्हणून औषधच बंद करू पाहणाऱ्या अनेक रुग्णांचा प्रश्न केवळ काल बदलून सुटतो.

'दिवसातून तीन वेळा' याचा अर्थ न्याहारी, जेवण आणि दुपारचा चहा असा होत नाही. अमॉक्सिसिलिनचे रक्तातील प्रमाण साधारण एका तासात निम्म्यावर येते, आणि रक्तात पुरेसे प्रमाण किती वेळ टिकले यावर या कुळाचा परिणाम अवलंबून असतो. म्हणून मात्रांमधील अंतर शक्य तितके समान, तीन वेळा असेल तर सुमारे आठ तासांचे ठेवावे. एखादी मात्रा राहिली तर आठवताच घ्यावी. पुढच्या मात्रेची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्यावी. दोन एकदम घेऊ नयेत.

'बंद करू का?'

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रत्येक संसर्गाला सारखेच दिवस औषध लागत नाही. काही आजारांत पूर्वीपेक्षा कमी दिवसांचा क्रमही पुरतो, असे आता दिसून आले आहे. परंतु ते दिवस ठरवण्यासाठी निदान माहीत असावे लागते. ज्याने निदान केले त्यानेच ते ठरवावेत, तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून रुग्णाने नव्हे, आणि निदान ठाऊक नसताना आपणही नव्हे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण शाळकरी मुलांच्या घशाचे आहे. स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे घसा आला असेल तर ताप तीन-चार दिवसांत उतरतो. पण घशातील जंतू पूर्ण नाहीसे होऊन संधिवाती ताप टळावा, यासाठी तोंडाने घ्यावयाचे पेनिसिलिन दहा दिवस देण्याचा प्रघात आहे. हा ताप घसादुखीनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी येतो, सांध्यांना स्पर्श करून जातो आणि हृदयाच्या झडपांवर कायमचा घाव ठेवू शकतो. चौथ्या दिवशी 'आता बरा आहे, बंद करा' असे आपण म्हणालो, तर त्याचे मोल ते मूल विसाव्या वर्षी जिना चढताना लागणाऱ्या धापेत मोजू शकते.

त्याहून नाजूक बाब बेंझाथीन पेनिसिलिनच्या इंजेक्शनची. एकदा संधिवाती ताप येऊन गेलेल्या मुलांना तो पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी, अनेक वर्षे ही सुई घ्यावी लागते. सांधे दुखत नाहीत, ताप नाही, सुई मात्र दुखते; अशा वेळी पालक कंटाळून आपल्याकडे येतात आणि 'आमवातावर आयुर्वेदात कायमचे औषध आहे ना?' असे विचारतात. सांध्यांसाठी आपण जे द्यावयाचे ते अवश्य द्यावे. पण ती सुई आपल्या शब्दावर चुकू देऊ नये. प्रत्येक नवा झटका झडपेवर नवा घाव घालतो. तारीख चुकलेल्या मुलाला परत रुग्णालयात पाठवणारा वैद्य हा त्या मुलाच्या हृदयाचा रक्षक होय.

आपल्या औषधांबरोबर

लोहकल्प टेट्रासायक्लिन व सिप्रोफ्लोक्सासिन यांच्या गटांतील औषधांचे शोषण कमी करतात. पेनिसिलिनबाबत तशी अडचण मानली जात नाही. दुधाचेही तसेच. मात्र गवारीच्या बियांच्या डिंकाने पेनिसिलिन-व्हीचे शोषण घटते, असे दिसून आले आहे. इसबगोलासारखी बुळबुळीत, फुगणारी द्रव्येही त्याच वेळी न देता दोन तासांचे अंतर ठेवणे शहाणपणाचे. औषध आतड्यातून शोषले जावयाचे असल्याने क्रम चालू असताना वमन-विरेचन योजू नये. पिंपळी-मिऱ्यांतील पायपेरिन काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवते. तेव्हा 'त्रिकटूने शक्ती वाढते' म्हणून मूळ मात्रा कमी करण्याचा सल्ला देणे धोक्याचे ठरेल. आसव-अरिष्टांतील स्वनिर्मित मद्यांशाचा अमॉक्सिसिलिनशी विशेष विरोध नाही; परंतु जोडीला मेट्रोनिडाझोल लिहिलेले असल्यास ती तेवढे दिवस थांबवावीत.

आधुनिक औषधांपैकी दोन नावे आपल्या रुग्णांत वारंवार आढळतात. आमवातासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांत पेनिसिलिनमुळे त्याचे मूत्रमार्गे होणारे उत्सर्जन मंदावून विषबाधा होऊ शकते. तोंडातील व्रण ही तिची आरंभीची खूण असू शकते. कृत्रिम झडपेसाठी वॉरफरिन घेणाऱ्यांत रक्त अधिक पातळ होऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा बदलावी लागते. ही माहिती मूळ डॉक्टरांपर्यंत पोहोचली आहे ना, एवढे आपण विचारावे.

उपद्रव आपल्या दारी

या औषधाचे उपद्रव पुष्कळदा मूळ डॉक्टरांकडे जातच नाहीत; ते आपल्या दारी वेगळ्या नावाने येतात. शीतपित्त, मुखपाक, अतिसार व कामला या चार व्याधींत 'गेल्या दोन महिन्यांत अँटिबायोटिक घेतले का?' हा प्रश्न नेमाने विचारावा, असे आम्ही आग्रहाने सुचवतो.

साधे पातळ जुलाब बहुधा औषध संपल्यावर थांबतात. ताजे ताक व पेज पुरते. परंतु रक्त, ताप, पोटात तीव्र कळ किंवा वारंवार पाण्यासारखे जुलाब असतील तर केवळ स्तंभन करू नये. आतड्यात डिफिसील नावाचा जंतू माजल्याने असे होऊ शकते, आणि तेही औषध संपल्यावर काही आठवड्यांनी. को-अमॉक्सिक्लॅवनंतर कधी कधी, विशेषतः वयस्क पुरुषांत, पित्तमार्ग तुंबल्यासारखी कावीळ होते. तीही क्रम संपून काही आठवडे उलटल्यावर. मल तिळाच्या कुटासारखा, अंगाला कंड, असा रुग्ण शाखाश्रित कामला म्हणून आपल्यापुढे बसतो. चिकित्सेपूर्वी यकृताची तपासणी करून घ्यावी आणि ते औषध पुन्हा कधी घेऊ नये, हे त्याच्या कागदांवर लिहावे.

औषधविक्रेत्यांसाठी

ही औषधे अनुसूची 'एच' मधील आहेत; चिठ्ठीवाचून देणे बेकायदेशीर. पाकिटावरील उभी लाल रेघ हेच सांगते, आणि २०१६ पासून सरकारने तिचा प्रचारही चालवला आहे. जुनी चिठ्ठी दाखवून 'मागच्यासारखेच द्या' म्हणणाऱ्यास नम्रपणे नकार द्यावा. मुलांच्या कोरड्या सिरपमध्ये उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंतच घालावे, हे शक्यतो स्वतः करून दाखवावे. बाटली प्रत्येक वेळी हलवावी, मात्रा सोबतच्या मापानेच द्यावी. घरातील चमचे एकसारखे नसतात. तयार सिरप लेबलवर सांगितलेल्या दिवसांनंतर, बहुधा आठवड्याने, टाकून द्यावे. को-अमॉक्सिक्लॅवच्या गोळ्यांना ओल सोसत नाही. त्या पाकिटातून आधी काढून डबीत भरू नयेत.

अपुरी मात्रा घेतली की जंतू औषधाला जुमानेनासे होतात, असा इशारा फ्लेमिंग यांनी नोबेल स्वीकारताना १९४५ मध्येच दिला होता. तो रुग्णाइतकाच आपल्यालाही लागू आहे. लिहिणारा डॉक्टर रुग्णाला एकदा भेटतो. वैद्य आणि गल्लीतील औषधविक्रेता त्याला वरचेवर भेटतात. तेव्हा 'बंद करू का?' असे कोणी विचारले, तर आपले उत्तर असे असावे: "कशासाठी दिले आहे, किती दिवसांचे आहे आणि नेमका काय त्रास होतो, ते आधी सांगा." त्रास धोक्याचा असेल तर औषध तेथेच थांबवून रुग्णाला तत्काळ रुग्णालयात धाडावे. तसा नसेल तर काल, अनुपान व पथ्य सुधारून द्यावे आणि मूळ डॉक्टरांना फोन करावा. असा फोन करण्यात कोणत्याही शास्त्राला कमीपणा येत नाही, असे आमचे मत आहे.