वहीतली मोटर आणि विहिरीवरची मोटर

बारावीचा निकाल आणि सीईटीचे मार्क हाती आले, की शेतकी ऑफिसात सभासद बंधूंची वर्दळ वाढते. निमित्त ऊस नोंदीचे असते, पण चहाचा कप खाली ठेवता ठेवता खरा प्रश्न निघतो. "पोराला इलेक्ट्रिकलला घालू, का इलेक्ट्रॉनिक्सला? आणि तिथं शिकवत्यात तरी काय वो चार वर्षं?"

आम्ही इंजिनिअर नव्हे. तेव्हा उगाच सल्ले देत बसण्यापेक्षा एका सभासदाच्या घरी जाऊन बसलो. त्यांचा मुलगा इलेक्ट्रिकलचा पदवीधर. पुतणी इलेक्ट्रॉनिक्स व टेलिकम्युनिकेशनची, ज्याला पोरे 'ईएनटीसी' म्हणतात. दोघांच्या वह्या ओसरीवर मांडल्या आणि समजेल तेवढे समजावून घेतले.

पहिले वर्ष सर्व शाखांना जवळजवळ सारखेच: गणित, भौतिकशास्त्र, ड्रॉइंग आणि वर्कशॉपमध्ये कानस घासणे. खरी कसोटी दुसऱ्या वर्षी लागते. या मुलाचे त्या वर्षी गणित आणि सर्किट असे दोन पेपर राहिले. वडिलांनी पुस्तक उघडून पाहिले, तर त्यात ज्या संख्येचा वर्ग उणे एक येतो अशी संख्या. नावच काल्पनिक संख्या! "संख्या काल्पनिक, फी मात्र रोख," असे म्हणून त्यांनी पोराला परत बोलावले. ठिबक बघ, जनावरे बघ, बास झाले शिक्षण. मुलगाही खचला होता. मराठी शाळेतून गेलेला, वर्गात इंग्रजीत चाललेले निम्मे डोक्यावरून जाई. तो मुकाट्याने गाठोडे बांधून आला.

त्याच उन्हाळ्यात त्यांच्या शिवारातली डीपी जळाली. ऐन मार्च अखेर, खोडवा पाण्याला आलेला, आणि नवी डीपी येईपर्यंत उभा ऊस पिवळा पडला. ज्याने हे भोगले आहे त्याला अधिक सांगायला नको. कुणी लाइनमनला शिव्या घातल्या, कुणी शेजाऱ्याच्या आकड्याला. हा मुलगा मात्र ओसरीवर वही घेऊन बसला. ते पान आम्ही मुद्दाम पाहिले.

डीपी १०० केव्हीएची. १,००,००० भागिले ४१५ व्होल्ट, भागिले १.७३. उत्तर सुमारे १३९ अँपिअर. म्हणजे तिन्ही फेजांत प्रत्येकी एवढाच प्रवाह तिला कायम सोसवतो. पाच हॉर्सपॉवरची मोटर भरल्या लोडवर साधारण साडेसात अँपिअर घेते. झाल्या अठरा मोटारी. डीपीवर होत्या चोवीस.

पण खरी मेख पुढेच आहे. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या साधारण सहापट प्रवाह ओढते. आता आपण सर्वांनी बसवले आहेत ऑटो स्विच, रात्री कोण उठतो म्हणून. वीज आली रे आली, की चोवीसच्या चोवीस मोटारी एकाच वेळी डीपीच्या मानेवर बसतात. कागदावर हिशेब येतो १,०८० अँपिअरचा, क्षमतेच्या पावणेआठपट. प्रत्यक्षात व्होल्टेज इतके पडते की तेवढा प्रवाह जात नाही. पण मोटारींना धड उठताही येत नाही, त्या कण्हत राहतात, आणि जो काही सेकंदांचा भार असायचा तो लांबतो.

मग ती काल्पनिक संख्या कुठे आली? मोटारीला दोन कामांसाठी प्रवाह लागतो. एक पाणी उचलायला, दुसरा नुसते आतले चुंबक जागे ठेवायला. हा दुसरा प्रवाह पाण्याचा थेंब उचलत नाही, पण वायर आणि डीपी तापवतो. दोन्ही प्रवाह एकमेकांशी काटकोनात असतात, म्हणून त्यांची सरळ बेरीज होत नाही. काल्पनिक संख्या म्हणजे एवढेच, की या आकड्याला काटकोनात वळवा. इंजिनिअर लोक तिला 'जे' म्हणतात, कारण 'आय' हे अक्षर प्रवाहासाठी आधीच दिलेले. चार्ल्स स्टाइनमेट्झ या जर्मनीहून अमेरिकेत गेलेल्या गणित्याने १८९३ साली शिकागोच्या वीज परिषदेत ही रीत मांडली, तेव्हा पानेच्या पाने लागणारी गणिते चार ओळींत आली.

स्टार्टरजवळ योग्य मापाचा कपॅसिटर लावला, की चुंबकाचा बराचसा प्रवाह तिथल्या तिथे मिळतो. पॉवर फॅक्टर ०.८ वरून ०.९५ वर गेला, तर साडेसातचे सव्वासहा-साडेसहा अँपिअर होतात आणि त्याच डीपीवर अठराऐवजी एकवीस-बावीस मोटारी निभावतात. वडिलांनी ते पान दोनदा वाचून घेतले आणि एवढेच विचारले, "मग तुझा हाच पेपर कसा राहिला?" यावर मुलाकडे उत्तर नव्हते.

दुसऱ्या वर्षाच्या वहीत आणखी एक पान आपल्या कामाचे निघाले. डीपीच्या पेटीतला एक फ्यूज उडाला, तर चालू मोटर थांबत नाही, घुमत घुमत दोन फेजांवर फिरतच राहते. पाण्याचे ओझे तेवढेच, म्हणून उरलेल्या दोन फेजांत प्रवाह १.७३ पट. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे तिप्पट. स्टारमध्ये जोडलेल्या मोटारीचे वाइंडिंग उघडले, की दोन फेजांची वेटोळी काळी ठिक्कर आणि तिसऱ्याची कोरी दिसतात. सिंगल फेज प्रिव्हेंटर याचसाठी असतो, आणि आपण तोच बायपास करून ठेवतो. (आमच्या विहिरीवरही तसेच होते, हे कबूल केलेले बरे.)

आता पुतणीच्या वह्या. ईएनटीसीत मोटारी कमी, डायोड, ट्रान्झिस्टर, सिग्नल, मायक्रोकंट्रोलर जास्त. मोबाईलवरून पंप चालू-बंद करणारी पेटी ही त्याच विद्येची. पण आमचे लक्ष गेले व्हीटस्टन ब्रिज या धड्याकडे, कारण तो आपल्या वजनकाट्याच्या पोटात आहे! काट्याखाली पोलादी लोडसेल असतात. गाडीच्या ओझ्याने पोलाद केसाहूनही कमी दबते, त्याला चिकटवलेल्या बारीक तारजाळीचा रोध किंचित बदलतो, आणि चार रोधांच्या त्या ब्रिजचा तोल ढळतो. दहा व्होल्ट दिले, तर सेलच्या पूर्ण क्षमतेच्या भाराला वीसेक मिलिव्होल्ट मिळतात. पुढे ते वाढवून आकड्यात फिरवायचे. "काटा मारतात" हा आरोप आम्ही दर हंगामात ऐकतो, म्हणून मुलीला सरळच विचारले, की यात फसवता येते का? ती म्हणाली, "यंत्र दिलेल्या कॅलिब्रेशनप्रमाणं बोलतं, काका. म्हणून प्रमाणित वजनं ठेवून तपासायचं, आणि वैधमापनचं सील बघायचं." उत्तर आम्ही जसेच्या तसे छापत आहोत.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी पॉवर सिस्टिम, स्विचगिअर, कंट्रोल, शेवटी प्रोजेक्ट. बगॅसवर चालणारा अल्टरनेटर ग्रिडला जोडताना व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी आणि फेज जुळवावे लागतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तेच तीन दिवे लावून शिकतात: तिन्ही एकदम विझले, की स्विच टाकायचा.

शाखेबद्दल आमचे मत विचाराल, तर ज्याला मोटर खोलून बघावीशी वाटते त्याने इलेक्ट्रिकल घ्यावे, रेडिओ खोलणाऱ्याने दुसरे. बारावी नको असेल, तर दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. एके काळी कराड, सांगली, पुणे अशी मोजकीच ठिकाणे होती. १९८३ साली वसंतदादा मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित कॉलेजांना वाट मिळाली, आणि त्याच वर्षी लोणीला प्रवरेच्या परिसरात ग्रामीण इंजिनिअरिंग कॉलेज उभे राहिले.

मुलगा परत गेला. दोन्ही पेपर सुटले, गणिताला दुसरी खेप लागली. नवी डीपी बसली, तेव्हा त्यानेच चोवीस जणांची यादी करून प्रत्येक ऑटो स्विचला वेगवेगळा उशीर लावायचे सुचवले: पहिल्याची मोटर लगेच, दुसऱ्याची दहा सेकंदांनी, असे. हिशेब सर्वांना पटला आहे. फक्त चोविसावा नंबर कुणी घ्यायचा, यावर अजून एक बैठक व्हायची आहे.