सनई नंबर 112

जनरल मिडी हा संकेत पाळणारा कीबोर्ड जपानचा असो की चीनचा, त्यात सनई 112 नंबरलाच सापडते. 1991 साली वाद्यं बनवणाऱ्या कंपन्यांनी 128 आवाजांची एक सामायिक यादी मान्य केली. नंबर 1 पियानो, 105 सतार, 106 बँजो, 111 फिडल, 112 सनई. हिंदुस्थानी वाद्यांच्या वाट्याला त्या यादीत दोनच जागा आल्या, सतारीची आणि सनईची. तबला, ढोलकी, पेटी यांना तिथे थारा नाही.

यात एक मेख आहे. माणसं एकपासून मोजतात, यंत्र शून्यापासून. वाद्यांना जोडणाऱ्या तारेतून जाणारा आकडा 0 ते 127 असतो, त्यामुळे यादीतली 112 नंबरची सनई यंत्राच्या लेखी 111 असते. काही सॉफ्टवेअर हा फरक स्वतः सांभाळून घेतात, काही घेत नाहीत. समजा, कुसगावात लग्न आहे. मंगलाष्टकं संपत आली आहेत आणि कीबोर्डवाल्याने लॅपटॉपमधून आवाज बदलायची सोय करून ठेवली आहे. मोजणी एकाने पुढे सरकली, तर अक्षता पडताना सनईऐवजी 113 नंबरचा आवाज वाजेल. हा नंबर ‘टिंकल बेल’चा, म्हणजे किणकिणणाऱ्या घंटीचा. मोजणी एकाने मागे गेली तर फिडल. घंटी एक वेळ खपून जाईल, फिडल खपणार नाही.

लोणावळ्याला चिकटलेलं कुसगाव बुद्रुक मुंबई आणि पुण्याच्या वादकांच्या वाटेवर पडतं. द्रुतगती मार्ग इथूनच जातो, घाट टाळणाऱ्या ‘मिसिंग लिंक’चं पुण्याकडचं टोकही इथलंच. सिंहगडच्या कॉलेजांची स्नेहसंमेलनं, लोणावळ्याच्या रिसॉर्टमधली लग्नं, मावळातल्या गावजत्रा, कार्ल्याच्या एकवीरेची चैत्रातली यात्रा, असा कामाचा रतीब या पट्ट्यात असतो. सुपारी घेतलेला कीबोर्डवाला आज स्वतःच्या वाद्यावर वाजवतो, तर उद्या साउंडवाल्याने भाड्याने आणून ठेवलेल्यावर. गाणी तीच, यंत्र वेगळं. म्हणून बहुतेकांच्या बॅगेत एक वही असते. एका ओळीत गाण्याचं नाव, पुढे ‘काळी दोन’ किंवा ‘पांढरी चार’, त्यापुढे ताल आणि शेवटी टोनचा नंबर. सिंथेसायझरच्या जगात ज्याला ‘पॅच लिस्ट’ (पॅच म्हणजे घडवून ठेवलेला आवाज) म्हणतात ती हीच वही. फक्त वहीत नंबर असतो, आवाज नसतो.

आवाज जपून ठेवण्याचा हा प्रश्न मुंबईच्या चित्रपटसंगीताने फार आधीपासून पाहिला आहे. 1954 च्या ‘नागिन’मधली बीन खऱ्या पुंगीवर वाजलेली नाही. ती कल्याणजी वीरजी शाह यांनी क्लेव्हायोलिनवर वाजवली. फ्रान्समध्ये 1940 च्या दशकात निघालेलं हे छोटं विजेचं वाद्य होतं आणि त्याचा आवाज कळा खालीवर करून ठरवायचा. कोणत्या कळा खाली असताना नाग डोलतो, हे वाजवणाऱ्याच्या लक्षात असेल तेवढंच. पुढे अ‍ॅकॉर्डियन आणि तालवाद्यांसाठी नावाजलेले केर्सी लॉर्ड मिनिमूग हा सिंथेसायझर घेऊन स्टुडिओत आले. मिनिमूगला स्मरणशक्ती मुळीच नव्हती. त्याच्या निर्मात्यांनी वाद्यासोबत छापील तक्तेच दिले होते. प्रत्येक बटणाचा काटा कुठे आहे ते पेन्सिलीने मांडून ठेवायचं आणि पुन्हा तो आवाज हवा असेल तेव्हा तक्ता पाहून एकेक बटण फिरवायचं. घासाघीस करून आवाज जवळपास यायचा. अगदी तोच येईल याची खात्री कुणी देत नसे.

1978 च्या प्रॉफेट-5 या अमेरिकन सिंथेसायझरने बटणांच्या जागा मायक्रोप्रोसेसरकडे सोपवल्या. 40 आवाज साठवायचे आणि कळ दाबली की तो आवाज हजर. तीन वर्षांनी आलेल्या रोलंड ज्युपिटर-8 मध्ये 64 जागा होत्या. हेच वाद्य मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये टीबी-303 आणि टीआर-808 या यंत्रांच्या जोडीने वापरलं आणि दहा रागांना डिस्कोचा ठेका लावून एक रेकॉर्ड केली. तेव्हा ती फारशी कुणी ऐकली नाही. 2010 मध्ये ती परत निघाली तेव्हा युरोपातले लोक चकित झाले, कारण त्या तबकडीतला आवाज त्यांना काही वर्षांनी शिकागोत जन्मलेल्या ‘अ‍ॅसिड हाउस’ संगीताशी मिळताजुळता वाटला. सिंग 2015 मध्ये गेले. एखादा राग वाजवताना ज्युपिटरची कुठली सरकपट्टी किती वर होती, हे रेकॉर्ड कितीही वेळा ऐकली तरी कळत नाही.

सिंग यांची रेकॉर्ड झाली त्याच सुमारास दोन माणसं वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलती करण्याच्या खटपटीत होती, प्रॉफेट बनवणारे डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी. जानेवारी 1983 मध्ये अमेरिकेतल्या एका व्यापारी प्रदर्शनात प्रॉफेट-600 आणि ज्युपिटर-6 यांना एका तारेने जोडून दाखवण्यात आलं. एकावर वाजवलं की दुसरं वाजत होतं. हाच मिडी. त्यासाठी या दोघांना 2013 मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळालं.

मिडीच्या तारेतून ध्वनी जात नाही, आकडे जातात. कोणती पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली, आवाज कितव्या नंबरचा हवा, एवढंच. पण त्या संकेतात कंपन्यांसाठी एक खाजगी दरवाजाही ठेवला आहे, ‘सिस्टिम एक्सक्लुझिव्ह’. बोलताना त्याला सगळे ‘सिसेक्स’ म्हणतात. हे बंद पाकिटासारखं असतं. सुरुवातीला पत्ता लिहिलेला (रोलंडचा क्रमांक 41, कोर्गचा 42, यामाहाचा 43, सोळाच्या मोजणीत) आणि आत काय आहे ते फक्त त्या कंपनीच्या त्या यंत्राला कळतं. यामाहाचं पाकीट रोलंड उघडतच नाही, मुकाट पुढे जाऊ देतं.

त्या पाकिटात यंत्राची सगळी स्मृती मावते. 1983 च्या यामाहा डीएक्स-7 चं उदाहरण घ्या. त्यात 32 आवाजांच्या जागा. प्रत्येक आवाजाला 128 बाइट, वर पत्ता आणि पडताळणीचे आठ, मिळून 4,104 बाइट. मिडीची तार सेकंदाला साधारण 3,125 बाइट वाहून नेते, म्हणजे सव्वा ते दीड सेकंदात आख्खं वाद्य कॉम्प्युटरमध्ये उतरतं. आज मोबाइलमधला एक फोटो याच्या कित्येक शेकडा पट जागा खातो.

इथे दोन प्रकारची सॉफ्टवेअर कामाला येतात, एडिटर आणि लायब्रेरियन. पुष्कळदा ती एकाच खोक्यात मिळतात, तरी कामं वेगळी. डीएक्स-7 च्या एका आवाजामागे दीडशेच्या आसपास आकडे असतात. ते बदलायला वाद्यावर चपट्या कळा, एक सरकपट्टी आणि दोन ओळींची इवलीशी काचपट्टी. एका वेळी एकच आकडा दिसतो. एडिटर हे दीडशे आकडे कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकदम पसरून ठेवतो. सनईचा आवाज पिपाणीसारखा लागतोय, फुंकीची सुरुवात जरा मऊ हवी, तर ती रेघ माऊसने ओढायची. वाद्य लगेच तसं वाजतं.

लायब्रेरियनचं काम ग्रंथपालाचंच. आवाज यंत्रातून उतरवून घेणं, नाव देणं, ‘तंतुवाद्य’, ‘फुंकवाद्य’, ‘पॅड’ अशा कप्प्यांत लावणं, आजच्या कार्यक्रमाला हवेत तेवढे 32 किंवा 128 निवडून क्रमाने परत चढवणं. त्याचं न दिसणारं मोठं काम म्हणजे नक्कल ओळखणं. डीएक्स-7 चे हजारो आवाज फुकट मिळतात, पण त्यात तोच इलेक्ट्रिक पियानो वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येतो, कारण ज्याने त्याने तो आपल्या संग्रहात घातला आणि नाव बदललं. चांगला लायब्रेरियन नाव बाजूला ठेवून आतले आकडे ताडून पाहतो आणि सांगतो, हे दोन एकच आहेत.

नावांची अडचण मराठी वादकाला जास्त जाणवते. डीएक्स-7 मध्ये आवाजाच्या नावाला दहाच अक्षरं, तीही रोमन. ‘लग्नाची सनई, तार सप्तक’ हे दहा रोमन अक्षरांत कसं बसवणार? मग ‘सनई 1’, ‘सनई 2’, ‘सनई न्यू’ अशी नावं पडतात आणि सहा महिन्यांनी त्यातली कुठली कशासाठी केली होती ते करणाऱ्यालाही आठवत नाही. लायब्रेरियनमध्ये आवाजाशेजारी शेरा लिहायची सोय असेल तर ती वापरावी: कुठल्या गाण्यासाठी केला, कुठल्या पट्टीत चांगला लागतो.

एकवीरेच्या यात्रेत कोळीगीतं वाजतात तेव्हा या सगळ्याची खरी गरज कळते. तिथे हवा असतो बेंजो. जनरल मिडीतला 106 नंबरचा बँजो हा अमेरिकन, कातडं ताणलेल्या गोल खोक्याचा. बेंजो पार्टीतला आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंगाच्या घराण्यातला. टाइपरायटरसारख्या कळा दाबून तारा वाजवायच्या. त्याचा पूर्वज जपानच्या नागोया शहरात 1912 मध्ये बनलेला ताइशोगोतो. दोन्ही आवाजांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून मावळातल्या कीबोर्डवाल्याला नंबरच्या भरवशावर राहता येत नाही. त्याला बेंजोचा टोन स्वतः घडवावा लागतो किंवा मिळवावा लागतो. संबळ, हलगी, तुणतुणं यांचंही तेच. भारतीय गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून यामाहाने पीएसआर-आय मालिका काढली, रोलंडचा एक्सपीएस-10 इथल्या ऑर्केस्ट्रांत घरोघरचा झाला, तो या गरजेतून. तरी टोनची देवाणघेवाण थांबलेली नाही. ऑक्टापॅड हे विजेचं तालवाद्य वाजवणाऱ्यांत तर ‘तुझे पॅच दे’ हा नमस्काराच्या पुढचा प्रश्न असतो. रोलंड एसपीडी-20 मध्ये 99 पॅचच्या जागा आहेत आणि त्या मिडीच्या तारेने एकगठ्ठा बाहेर काढता येतात, परत चढवताही येतात.

चढवताना मात्र एक गोष्ट घात करते. सिसेक्समधून मांडणी येते, कच्चा माल येत नाही. रोलंड जेव्ही-1080 मध्ये जादा आवाजांच्या चिपचे चार बोर्ड बसवता येत. एखाद्याने आशियाई वाद्यांच्या बोर्डावरची तार वापरून पॅच बनवला आणि तो बोर्ड नसलेल्या यंत्रात चढवला, तर नाव दिसेल, आवाज मात्र येणार नाही. आजच्या कीबोर्डांत पेन ड्राइव्हवरून स्वतः रेकॉर्ड केलेले नमुने भरता येतात, तिथेही हाच नियम. पॅच देताना नमुन्याची फाइल सोबत दिली नाही, तर देणारा आणि घेणारा दोघंही एकमेकांवर खापर फोडतात.

बँकेचा गोंधळ वेगळा. 128 आवाज पुरेनात तेव्हा यंत्रांत बँका आल्या. आता आवाज निवडायला तीन निरोप लागतात. बँकेचा मोठा आकडा, बँकेचा लहान आकडा आणि शेवटी आवाजाचा नंबर. क्रम चुकला तर बँक बदलत नाही आणि जुन्याच बँकेतला भलता आवाज लागतो. म्हणून रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये यंत्राची पॅच लिस्ट भरून ठेवतात. केकवॉकच्या ‘इन्स’ फाइल किंवा रीपरच्या ‘रीबँक’ फाइल म्हणजे साधा मजकूर असतो, कुठल्याही नोटपॅडमध्ये उघडणारा. एकदा ती यादी भरली की पडद्यावर ‘87-4-112’ दिसण्याऐवजी आवाजाचं नाव दिसतं.

सॉफ्टवेअर निवडताना जरा इतिहास पाहावा. 1985 मध्ये सुरू झालेली ऑपकोड ही कंपनी या कामातली अग्रणी. 1998 मध्ये गिटारवाल्या गिब्सनने ती घेतली आणि वर्षभरात तिचं काम थांबलं. जर्मन इमॅजिकचं साउंडडायव्हर वादकांचं लाडकं होतं. 2002 मध्ये अ‍ॅपलने इमॅजिक विकत घेतली आणि साउंडडायव्हर मागे पडलं. ज्यांनी आपले संग्रह त्या त्या कंपनीच्या खास फाइलींत ठेवले होते, ते अडकले. आज मिडी क्वेस्ट विकत मिळतं, पॅच बेस आयपॅडवर चालतं. कंट्रोलर, अमेरिकेतले प्राध्यापक शॉन ल्यूक यांचं एडिसिन आणि नॉबक्राफ्ट ऑर्म ही खुली आणि फुकट आहेत. नुसती उतरवाउतरव करायची तर विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर सिसेक्स लायब्रेरियन पुरेसं आहे. निवड कुठलीही करा, एक प्रत साध्या ‘सिक्स’ (.syx) फाइलीत, म्हणजे कच्च्या सिसेक्सच्या रूपात ठेवायचीच. ती जवळपास कुठलंही सॉफ्टवेअर वाचतं.

2020 मध्ये जाहीर झालेल्या मिडी 2.0 मध्ये यंत्र स्वतःच आपल्या आवाजांची यादी नावांसकट कॉम्प्युटरला कळवू शकेल अशी सोय आहे. पण मंडपात वाजणारी बहुतेक वाद्यं जुनी आहेत, आणि जुन्या वाद्यांची स्मृती एका छोट्या बॅटरीवर जगते. डीएक्स-7 मध्ये ती बिल्ल्याएवढी लिथियमची बॅटरी आहे, तीही झाळलेली. ती संपली की 32 चे 32 आवाज गेले.

तेव्हा गणपतीच्या सुपाऱ्या सुरू होण्याआधी एक संध्याकाळ यासाठी काढा. यंत्रातला ‘मेमरी प्रोटेक्ट’ बंद करा, नाहीतर परत चढवलेलं काहीच आत जात नाही. स्वस्त यूएसबी-मिडी तार मोठी पाकिटं मध्येच तोडते, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये दोन निरोपांमधला वेळ थोडा वाढवा. उतरवलेल्या फाइलीच्या नावात यंत्र आणि तारीख लिहा. एक प्रत कॉम्प्युटरवर, एक पेन ड्राइव्हवर ठेवा. आणि ती फाइल परत चढवून, सनई वाजवून पाहिल्याशिवाय बॅटरी बदलायला कीबोर्ड उघडू नका.