हे हसू आनंदाचे नव्हे

मूल हसले की घराला आनंद होतो. पण तान्हे मूल कोणी खेळवीत नसताना, झोपेतूनसुद्धा, दिवसात अनेकदा एकाच तऱ्हेने हसू लागले आणि काही सेकंदांत थांबले, तर आईवडिलांनी सावध झाले पाहिजे. शेजारी म्हणतील, बाहेरचे झाले. देवऋषी अंगारा देईल. पुढे शाळेत हेच मूल 'वर्गात हसतो' म्हणून छड्या खाईल. दोष ना मुलाचा, ना भुताचा!

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. भूक, झोप, शरीराची वाढ यांचा कारभार तेथून चालतो. सुमारे २ लाख मुलांत एखाद्याला तेथे जन्मतःच गाठ असते. तिला हॅमार्टोमा म्हणतात. ती कॅन्सरची नव्हे. पण तिच्यातून फिट उठते आणि ती हसण्याच्या रूपाने दिसते. पुढे मोठ्या फिट येऊ शकतात, राग अनावर होतो, अभ्यास मागे पडतो. काहींना कोवळ्या वयातच तारुण्याची लक्षणे दिसतात. गोळ्यांनी हे झटके बहुधा आटोक्यात येत नाहीत.

गाठ खोल आणि दृष्टीच्या नसांजवळ असल्याने शस्त्रक्रिया अवघड असते. अशा वेळी गाठ लहान असेल तर 'गॅमा नाईफ' हा एक मार्ग आहे. नाव सुरीचे, पण कवटी उघडावी लागत नाही. स्वीडनचे डॉ. लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली ही कल्पना मांडली. कोबाल्टचे सुमारे २०० बारीक किरण चहूबाजूंनी गाठीवर सोडतात. एकेक किरण दुबळा, म्हणून वाटेतला मेंदू बचावतो. सर्व मिळतात तेथेच मारा बसतो. मुंबईत हिंदुजा रुग्णालयात हे यंत्र १९९७ साली आले.

मात्र हा चमत्कार नव्हे. गुण यायला काही महिने, कधी दोन-तीन वर्षे लागतात. सर्वांचेच झटके थांबत नाहीत. तोवर गोळ्या मनाने बंद करू नयेत.

मग कोल्हापूरच्या आईबापांनी काय करावे? मुलाचे हसणे मोबाईलवर टिपून ठेवावे. सी.पी.आर.मध्ये डॉक्टरांना ते दाखवावे आणि एम.आर.आय.विषयी विचारावे. रेशनकार्ड जवळ ठेवून महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे खर्चाची चौकशी करावी. अंगाऱ्यात वाया गेलेली वर्षे मुलाच्या शिक्षणातून वजा होतात, हे विसरू नये.