दोनशे बार हवा आणि अर्धा कप पाणी

माझी भाची दहा मीटर एअर रायफल खेळते. वय वर्षं चौदा. रविवारी सकाळी सगळं इंदूर पोहे-जिलेबी खात असतं, तेव्हा आम्ही मामा-भाची रेंजवर असतो. ती नेम धरते आणि मी मागच्या खोलीत कॉम्प्रेसर सांभाळतो. काही पालकांनी मिळून वर्गणी काढून तो घेतला. तो चालवायचा कुणी, हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही इंजिनिअर आहात ना!" मी सॉफ्टवेअरवाला. माझ्या कामाचा आणि पिस्टनचा संबंध बीईच्या दुसऱ्या सेमिस्टरनंतर सुटला होता. तरी मान डोलावली.

या कामात माझ्याकडून एक चूक झाली आणि तिची शिक्षा भाचीला भोगावी लागली. तीच गोष्ट आज सांगतो आहे.

जत्रेतली बंदूक नव्हे

स्पर्धेची एअर रायफल आणि जत्रेतली फुगे फोडायची बंदूक यांत फार अंतर आहे. छर्रा तोच, 4.5 मिलिमीटरचा. पण स्पर्धेच्या रायफलीला नळीखाली एक लहान सिलिंडर असतो आणि त्यात साधारण 200 बार दाबाची हवा भरतात. गाडीच्या चाकात दोन-सव्वादोन बार हवा असते, म्हणजे हा दाब तिच्या नव्वदपट. एक चौरस सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या नखाएवढी जागा घ्या. तिच्यावर सिमेंटची चार पोती ठेवल्यासारखा तो भार असतो.

एवढी हवा प्रत्येक छऱ्यामागे थोडी थोडी आणि दर वेळी अगदी तेवढीच सोडायची, हे रेग्युलेटर नावाच्या छोट्या भागाचं काम. दहा मीटरवरच्या लक्ष्यात दहाचं वर्तुळ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो. असे साठ छर्रे मारायचे. 2023 साली हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत आपल्या देशाचं पहिलं सुवर्णपदक याच प्रकारात, पुरुष संघाने मिळवलं. त्या तिघांमध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील होता आणि आमच्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्य प्रताप सिंह तोमरही. आमच्या रेंजवरच्या मुलांना हे दोघं पाठ आहेत.

तीन आठवडे

गेल्या वर्षी श्रावणात भाचीचे गुण घसरू लागले. छर्रे डावी-उजवीकडे जात नव्हते. काही वर लागत, काही खाली. प्रशिक्षकांनी तिची उभं राहण्याची पद्धत तपासली, श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं, घरी रिकाम्या रायफलीवर सराव दिला. तिने सगळं केलं. तिसऱ्या रविवारी परत येताना स्कूटरवर मागून आवाज आला, "मामा, माझा हातच गेला वाटतं." त्या रात्री तिने ताईला सांगितलं की तिला रायफल सोडायची आहे.

पुढच्या आठवड्यात आणखी एका मुलाची रायफल तशीच वागू लागली. रेंजची देखभाल करणारे काका महूहून येतात. फौजेत आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी दोन्ही रायफली बाजूला ठेवल्या आणि मला एकच प्रश्न विचारला, "पाणी दर दहा मिनिटांनी काढता ना?"

मी काढत नव्हतो.

हवेत पाणी किती असतं?

हा हिशेब मी त्या दिवशी पहिल्यांदा केला. आमचा साठवणीचा सिलिंडर 10 लिटरचा आहे. त्यात 200 बारपर्यंत हवा भरायची, म्हणजे खोलीतली सुमारे 2000 लिटर हवा, दोन घनमीटर, त्यात कोंबायची. पावसाळ्यात 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता धरली, तर एका घनमीटर हवेत साधारण 24 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. दोन घनमीटरमध्ये 48 ग्रॅम. म्हणजे चहाचा अर्धा कप! हवा दाबली की तिच्यात वाफ धरून ठेवायला जागाच उरत नाही. जवळजवळ सगळं पाणी बाहेर पडतं.

ते बाहेर काढायची सोय कॉम्प्रेसरमध्ये असते. दाबलेली हवा आधी एका भांड्यातून जाते. तिथे पाणी आणि तेलाचे थेंब तळाशी साचतात. त्याखाली ड्रेनचा व्हॉल्व्ह असतो. तो ठरावीक वेळाने हळूच उघडायचा, की फस्सकन दुधाळ पाणी बाहेर येतं. उरलेला ओलावा पुढचा फिल्टर शोषतो. त्यात मॉलिक्युलर सीव्हचे दाणे पाण्यासाठी आणि सक्रिय कोळसा तेलाच्या वाफेसाठी असतो. भांडं भरून वाहू लागलं की फिल्टर भिजतो, आणि भिजलेला फिल्टर असून नसल्यासारखाच.

मी काय करत होतो? कॉम्प्रेसर सुरू करून लॅपटॉप उघडायचा, ऑफिसची कामं उरकायची आणि शेवटी एकदा ड्रेन उघडायचा. फिल्टर बदलायचा तो कॅलेंडर बघून. खरं तर त्याचं आयुष्य यंत्र किती तास चाललं यावर मोजायचं असतं, आणि पावसाळ्यात तेही कमी धरायचं असतं.

साठवणीचा सिलिंडर तपासणीला पाठवला. तिथे तो रिकामा करून व्हॉल्व्ह काढला, तर आतून दोन-तीन चमचे तांबूस पाणी निघालं. रायफलींच्या रेग्युलेटरमध्ये ओलाव्याने थर धरला होता. त्यामुळे प्रत्येक छऱ्यामागे हवा सारखी सुटत नव्हती.

एवढ्याने काय फरक पडतो? छर्रा सेकंदाला 170 मीटर वेगाने निघाला, तर दहा मीटर जाईपर्यंत गुरुत्वाकर्षणाने सुमारे 17 मिलिमीटर खाली येतो. वेग 160 झाला, तर 19 मिलिमीटर. फरक दोन मिलिमीटरचा. पण लक्ष्यावरच्या दोन वर्तुळांमधलं अंतरच अडीच मिलिमीटर आहे! दहाचा नऊ व्हायला तेवढं पुरतं.

त्या संध्याकाळी मी ताईकडे गेलो. भाचीला म्हणालो, "तुझं काही चुकत नव्हतं. पाणी मी काढलं नव्हतं." ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे तीन आठवडे मी उगाच रडले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता आम्ही काय करतो

तेव्हापासून कॉम्प्रेसरजवळ एक वही दोरीने बांधलेली आहे. काकांनी शिकवलं आणि यंत्राच्या पुस्तिकेत वाचलं, ते त्यात नियम म्हणून लिहिलं आहे. तुमच्या गावच्या रेंजवर किंवा घरी असं यंत्र असेल, तर उपयोगी पडेल.

पहिलं, तेल. सुरू करण्याआधी पातळी बघायची. तेल पुस्तिकेत सांगितलेलंच, उच्च दाबाच्या कॉम्प्रेसरसाठीचं. मोटरसायकलचं तेल चालत नाही. सायकलचा पंप मारताना तळाशी गरम होतो, हे आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे. डिझेल इंजिनात तर नुसत्या दाबाच्या उष्णतेने इंधन पेटतं. हवा एका दमात 200 बारपर्यंत दाबली, तर हिशेबाने तापमान हजार अंशांच्या वर जाईल. म्हणून हे काम टप्प्यांनी होतं. आमचं यंत्र तीन टप्प्यांचं आहे आणि प्रत्येक टप्प्यानंतर हवा नळीतून फिरून थंड होते. तरीही आतली उष्णता मोठी असते आणि चुकीचं तेल तिथे जळून काजळी धरतं. याच कारणाने जोडण्यांना आणि ओ-रिंगना साधं ग्रीस लावायचं नाही, सिलिकॉनचंच लावायचं.

दुसरं, गारवा. यंत्र भिंतीपासून लांब ठेवायचं, पंख्यापुढे काही ठेवायचं नाही. पाण्याने थंड होणारं छोटं यंत्र असेल, तर पाणी खरोखर फिरतंय ना आणि तापत नाही ना, हे बघत राहायचं. हवा आत घेण्याचं तोंड गाडीच्या धुरापासून आणि धुळीपासून दूर हवं.

तिसरं, पाणी. दर दहा मिनिटांनी ड्रेन. मोबाईलवर गजर लावून.

चौथं, घाई नाही. हवा हळूहळू भरायची. भराभर भरली की सिलिंडर तापतो, काटा 200 दाखवतो आणि थंड झाल्यावर खाली येतो. नळी काढण्याआधी तिच्यातला दाब सोडायचा. दाब असताना कुठलाही नट फिरवायचा नाही. गळती शोधायला साबणाचं पाणी वापरायचं, बोट कधीही नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर कारण शोधायचं, तो घट्ट करायचा नाही.

पाचवं, तारखा. रायफलीच्या सिलिंडरवर मुदत लिहिलेली असते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ती पाळण्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. साठवणीच्या सिलिंडरची ठरावीक काळाने हायड्रोस्टॅटिक चाचणी करावी लागते. ती पाण्याने करतात, कारण पाणी हवेसारखं दबत नाही. चाचणीत सिलिंडर फुटलाच तर नुसतं पाणी सांडतं, हवेसारखा स्फोट होत नाही.

आणि शेवटचं, सर्वांत महत्त्वाचं. रायफल ऑक्सिजनच्या सिलिंडरवरून कधीही भरायची नाही, अगदी "आजच्यापुरतं" म्हणूनसुद्धा नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा एक अंश मिळाले, तर ठिणगीचीही गरज पडत नाही.

वहीत तारीख, यंत्राचे तास, ड्रेनच्या वेळा, तेलाची पातळी आणि सही असे रकाने आहेत. सहीचा रकाना भाचीच्या हट्टामुळे आला. आता मोठी मुलं पाळीपाळीने माझ्याजवळ बसतात. कुणी गजर लावतं, कुणी लिहितं. ड्रेन मात्र मीच उघडतो.

यंदाच्या पावसाळ्यात तिचे गुण फार वाढले असं नाही. एका रविवारी तिला लागोपाठ दोन नऊ लागले. मी घाईघाईने वही उघडली. ती हसून म्हणाली, "राहू दे मामा. हे दोन्ही माझेच आहेत."